कागदावर मयत ठरलात तर

उत्तर प्रदेशातल्या आझमगढच्या लाल बिहारींना जिवंत असताना महसूल दप्तरात मृत दाखवलं होतं. ती नोंद दुरुस्त व्हायला 1994 उजाडलं. बातमी वाचून लोक हसतात. मला हसू येत नाही, कारण माझ्या आत्याची श्रावणबाळची पेन्शन बंद झाली तेव्हा यादीत तिच्या नावापुढेही ‘मयत’ लिहिलेलं होतं. आत्या शेजारी उभी होती, तरी बाबू म्हणाला, “नोंद तशीच आहे.”

अशा वेळी आधी हयातीचा दाखला, आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स जोडून दुरुस्तीचा अर्ज आवक-जावक विभागात द्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी आश्वासनाला काडीची किंमत नाही.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार वापरा. जोडपत्र ‘अ’ (माहिती मागण्याच्या अर्जाचा नमुना) भरून 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द, म्हणून गाऱ्हाणं न मांडता कागद मागा: ‘मयत’ नोंद कोणत्या पुराव्यावर केली त्याची प्रत, सही करणाऱ्याचं पदनाम, आणि माझ्या अर्जावर रोज काय कार्यवाही झाली. “का केलं?” असं विचारलंत की “माहिती उपलब्ध नाही” म्हणायला त्यांना वाट मिळते.

30 दिवसांत उत्तर नाही? पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयाच्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा, 20 रुपयांचा स्टॅम्प लावून. म्हाताऱ्या माणसाला मात्र एकटं पाठवू नका. सोबत जा.