एक्स्टर्नल एसएसडी काढली आणि लॅपटॉप ‘ग्रब>’ वर अडकला? आधी फॉरमॅटचा विचार सोडा

लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर विंडोज, आणि एक्स्टर्नल एसएसडीवर उबुंटू लिनक्स टाकलं. ती जोडलेली असताना सगळं झकास चालतं, काढली की काळ्या पडद्यावर नुसतं ‘ग्रब>’. अशा वेळी मिळणारा पहिला सल्ला ठरलेला: “फॉरमॅट मार, पुन्हा टाक.” मारू नका. विंडोज जागेवर आहे, डेटाही आहे. चुकलाय तो पत्ता.

यूईएफआय (नव्या कॉम्प्युटरची बूट-पद्धत) मशीनमध्ये फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर, आधी ईएसपी हे छोटं फॅट३२ पार्टिशन उघडतं आणि त्यातला बूटलोडर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करणारा प्रोग्रॅम, चालवतं. उबुंटूचा बूटलोडर म्हणजे ग्रब. उबुंटू २२.०४ च्या डेस्कटॉप इन्स्टॉलरमध्ये बूटलोडरसाठी डिस्क निवडायची यादी येते. तिथे तुम्ही एक्स्टर्नल निवडली तरी बूटलोडर आतल्या डिस्कच्या ईएसपीत जाऊन बसतो. सापळा हाच, आणि यादीत योग्य डिस्क निवडलेली असल्यामुळे संशयही येत नाही. त्या ईएसपीतल्या ‘ईएफआय/उबुंटू’ फोल्डरमध्ये तीन ओळींची ग्रब.सीएफजी ही सेटिंग फाइल असते: अमुक यूयूआयडीचं (पार्टिशनचा ओळख-क्रमांक) पार्टिशन शोध, तिथला ग्रबचा फोल्डर धर, खरी कॉन्फिग उघड. तो यूयूआयडी एक्स्टर्नलचा. ती काढली की शोध फसतो. उलट तीच एसएसडी दुसऱ्या मशीनला लावली तर तिच्यावर बूटलोडरच नाही, म्हणून तिथेही चालत नाही. लोक याला दोन वेगळे बिघाड समजतात. मूळ एकच आहे.

खात्री करायला डिस्कची यादी देणारी एलएसबीएलके कमांड चालवा, कॉलममध्ये नाव, आकार, ट्रॅन (जोडणीचा प्रकार) आणि पार्टयूयूआयडी (पार्टिशन टेबलमधला आयडी) मागा. ट्रॅनमध्ये यूएसबी, साटा, एनव्हीएमई असं सरळ दिसतं. एसडीए-एसडीबी या नावांवर विसंबू नका, पुढच्या बूटला ती अदलाबदल होऊ शकतात. मग फर्मवेअरमधल्या बूट-नोंदी दाखवणारी ईएफआयबूटएमजीआर -व्ही (लहान अक्षरातला व्ही). उबुंटूच्या नोंदीतला लांबलचक आयडी कुठल्या पार्टयूयूआयडीशी जुळतो ते पाहा. आतल्या डिस्कशी जुळला तर निदान पक्कं.

दुरुस्तीसाठी लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता उबुंटू चालवणारा पेनड्राइव्ह) जीपार्टेड हे पार्टिशनचं साधन उघडा, एक्स्टर्नलवर ५१२ एमबीचं फॅट३२ पार्टिशन करा आणि त्याला ‘बूट, ईएसपी’ फ्लॅग द्या. मग एक्स्टर्नलवरूनच बूट करा. जोडलेली असताना ती चालतेच, म्हणून सीएचरूटची, म्हणजे लाइव्ह यूएसबीवरून तिच्यातल्या सिस्टीममध्ये शिरण्याची, गरज नाही. एफस्टॅबमध्ये (बूटला कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं याची यादी) /बूट/ईएफआय च्या ओळीत जुन्या ईएसपीचा यूयूआयडी काढून नव्याचा घाला. फॅटचा यूयूआयडी चार-डॅश-चार इतकाच छोटा असतो, तो बघून अर्धवट कॉपी झाला असं समजू नका. ते पार्टिशन अनमाउंट करून पुन्हा माउंट करा आणि ग्रब-इन्स्टॉल ही कमांड दोनदा चालवा. एकदा साधं, म्हणजे उबुंटूचा फोल्डर आणि त्या तीन ओळी तयार होतात. एकदा --रिमूव्हेबल लावून, म्हणजे ‘ईएफआय/बूट/बूटएक्स६४.ईएफआय’ बनते. आधीची बूट-नोंद नसलेलं ६४-बिट इंटेल किंवा एएमडी यूईएफआय मशीन ड्राइव्हवर हीच फाइल शोधतं.

एसएसडी दुसऱ्या मशीनवर चालली, की मगच आतल्या ईएसपीतला उबुंटू फोल्डर उडवा. आतल्या डिस्कवरही उबुंटू असेल तर मात्र उडवू नका. दोघांनी एकच फोल्डर वापरलेला असतो, त्यामुळे आतल्या उबुंटूत शिरून तिथून ग्रब-इन्स्टॉल पुन्हा चालवा. मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरला हात लावायचा नाही.

बूट-रिपेअर या तयार दुरुस्ती-साधनाचं एक बटण दाबून सुटका होते, असं सांगणारे भेटतील. एकच डिस्क असेल तर ठीक. तीन डिस्क असताना ते कुठे काय लिहितंय हे कळत नसेल, तर तो जुगार आहे.

पुढच्या वेळी इन्स्टॉल करण्याआधी आतली डिस्क सोडवून ठेवा. लॅपटॉप उघडायचा नसेल तर जीपार्टेडमध्ये आतल्या ईएसपीचे दोन्ही फ्लॅग तात्पुरते काढा. काम झाल्यावर परत लावायला विसरलात, तर विंडोज रुसू शकतं.

आणखी दोन गोष्टी. डेटाची यूएसबी डिस्क एफस्टॅबमध्ये असेल तर ‘नोफेल’ लिहा. नाहीतर ती जोडलेली नसताना सिस्टमडी (बूटला उबुंटूच्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) ९० सेकंद थांबतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये ढकलतं. डीडी या कमांडने क्लोन केलेल्या, म्हणजे हुबेहूब नक्कल केलेल्या डिस्कचा यूयूआयडी मूळ डिस्कसारखाच असतो, म्हणून दोन्ही एकदम जोडून बूट करू नका. क्लोनवर ईएक्सटी४ ही लिनक्सची फाइल सिस्टीम असेल तर ती अनमाउंट ठेवून ट्यून२एफएस -यू रँडम (मोठ्या अक्षरातला यू) चालवा, आणि तिच्या एफस्टॅब व ग्रबमध्येही नवा यूयूआयडी भरा.