क्वीन मेरी 2 जहाजावरच्या गाला रात्री काय घालायचं

साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क हा 7 रात्रींचा प्रवास. त्यात साधारण 2 रात्री गाला, म्हणजे औपचारिक पोशाखाच्या. तारखा बॅग भरण्याआधीच पाहून घ्या.

संध्याकाळी 6 नंतर पुरुषांनी डिनर जॅकेट आणि बो टाय, नाहीतर गडद सूट आणि टाय. टक्सिडो (म्हणजे हेच डिनर जॅकेट) नसेल तर विकत घेण्याची गरज नाही. औपचारिक राष्ट्रीय पोशाख चालतो, त्यामुळे काळा बंदगळा उत्तम. बायकांना पैठणी किंवा कांजीवरम. गाऊनपेक्षा ती उठूनच दिसते.

खरी अडचण इस्त्रीची. खोलीत इस्त्री नेऊ देत नाहीत, आगीच्या भीतीने. जहाजावरच्या लाँड्रीत इस्त्री असते, पण गाला संध्याकाळी तिथे गर्दी होते, सकाळीच उरका. रेशमी साडी मलमलीत गुंडाळून न्या. खांद्याला 2, निऱ्यांना 1 पिन हवीच, कारण अटलांटिकवर जहाज हलतं आणि डेकवर वारा पदर उडवतो. उंच टाचा टाळलेल्याच बऱ्या.

टेबलावर काटे-चमचे बाहेरून आत वापरत जा. शाकाहार आरक्षणावेळीच कळवा.

नटायचा कंटाळा आला? किंग्ज कोर्ट बुफेत जेवा.