ब्लॉक पाडण्याआधी माती बरणीत घाला

नागपूरला उमरेड रोडवरच्या आमच्या प्लॉटवर स्थानिक सामानाचं घर बांधताना मी जो घोळ घातला तो तुम्ही घालू नका, म्हणून लिहितोय. नकाशा, मंजुरी, बोअर, मीटर हे कुणीही सांगेल. ते सोडतो.

आधी माती. पाया खणताना निघालेल्या मातीचेच दाबाचे ब्लॉक (मशीनने दाबून पाडलेल्या, न भाजलेल्या विटा) पाडायचे, याहून स्थानिक काय असणार, असा माझा हिशेब. मशीन भाड्याने आणली, 5 टक्के सिमेंट घातलं, 800 ब्लॉक पाडले. आठवडाभरात मे महिन्यातल्या वावरासारख्या भेगा! काळी कपाशीची माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. शेतात हे लहानपणापासून बघितलंय, ब्लॉक पाडताना मात्र डोक्यात आलं नाही.

म्हणून बरणी. उभट काचेची, सरळ बाजूंची. तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. जोरात हलवा आणि हात लावू नका. खडे-रेती लगेच बसते, गाळ तासा-दोन तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंत. थरांच्या उंचीवरून प्रमाण कळतं. ब्लॉकसाठी साधारण 15 टक्के खडे, 50 टक्के रेती, 15 टक्के गाळ आणि 20 टक्के चिकणमाती हवी. माझ्या बरणीत निम्म्याच्या वर चिकणमाती निघाली. ही बरणी मी ब्लॉक फुटल्यावर भरली, हे वेगळं सांगायला नको.

काळ्या थराखालचा मुरूम बहुधा जमतो, पण बहुधा! खड्डा बदलला की नवी बरणी. बाहेरून आणलात तर ट्रॉलीमागे बरणी, आणि गाडीवाल्याकडे वाहतूक पास आहे का तेही बघा, नाहीतर तहसीलची गाडी दारात येते.

पाया काळ्या मातीत टेकवू नका, मुरमापर्यंत न्या. जोत्याला काळा दगड घ्या. आपलं शहर दख्खनच्या लाव्ह्याच्या पूर्व कडेवर बसलंय, सीताबर्डीची टेकडीसुद्धा त्याच दगडाची, तेव्हा दगड लांबून आणायची गरज नाही. ब्लॉक जमलेच नाहीत तर राखेच्या विटा. कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख शेजारीच आहे, शिवाय भट्टी लागत नाही. दोन विटा एकमेकींवर आपटून बघा: खणखणीत आवाज हवा. भद्द वाजली तर पाणी नीट मारलेलं नाही, परत पाठवा.

रेती कन्हान नदीची, आणि पावसाळ्याआधीच भरून ठेवा. पावसात रेतीघाट बंद असतात आणि भाव विचारू नका. तिचीही बरणी करा: वर गाळाचा जाड थर दिसला तर ट्रॉली उतरवू देऊ नका. कंटाळा आला ना बरणीचा? मलाही 800 ब्लॉक फोडताना आला होता.

छताला कवेलू (कौलं) गार राहतं, पण तुमच्याकडे माकडं येत असतील तर विसरा. स्लॅब टाकलात तर वरून चुन्याचा पांढरा हात द्या, 45 डिग्रीत फरक कळतो. बांबू गडचिरोली-चंद्रपूरकडचा, तीन वर्षांवरचा, हिवाळ्यात तोडलेला आणि बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात मुरवलेला. न मुरवलेला घेतलात तर भुंगा पीठ पाडतो.

दारं-खिडक्या: पडलेल्या जुन्या घरांचा सागवान, उधई (वाळवी) बघून. प्लास्टर: चुना. रंग नंतर.

मशीनवाल्याला अजून फोन केला नसेल तर करू नका. आधी स्वयंपाकघरातून एक रिकामी बरणी काढा.