उन्हाळ्यात कोकणातून घाटमाथ्यावर एक दिवस: या चुका टाळा

मे महिन्यात कोकणातली घरे पाहुण्यांनी भरलेली असतात. दोन-चार दिवस समुद्र पाहून झाला की घरातले कोणीतरी एक दिवस वर घाटात जाऊन येण्याचा बेत मांडते. सावंतवाडीकडची मंडळी आंबोलीला जातात, महाड-पोलादपूरकडची रायगड, प्रतापगड किंवा महाबळेश्वर गाठतात, चिपळूणकर कुंभार्ली घाटाने कोयनेकडे निघतात, तर कणकवलीहून फोंडा घाट चढून दाजीपूर-राधानगरी गाठता येते. बेत चांगलाच असतो. तो फसतो, तेव्हा बहुतेक वेळा अंतरामुळे किंवा गर्दीमुळे फसत नाही. उन्हाळ्यातल्या डोंगराचे वेळापत्रक न पाळल्यामुळे फसतो.

उंचावर गारवा असेलच, असे धरून चालणे

हवेचे तापमान दर हजार मीटर उंचीला साधारण साडेसहा अंशांनी उतरते. या हिशेबाने सुमारे ६९० मीटर उंचीवरच्या आंबोलीत सावंतवाडीपेक्षा चारेक अंश कमी तापमान मिळेल, आणि साडेतेराशे मीटरच्या आसपास असलेल्या महाबळेश्वरात हा फरक आठ-नऊ अंशांपर्यंत जाईल. मात्र हा हिशेब सावलीतल्या हवेचा आहे. रायगडाची उंची सुमारे ८२० मीटर असली, तरी माथ्यावर झाडे जवळजवळ नाहीत आणि बाजारपेठ, राजसदर, जगदीश्वराचे मंदिर या सगळ्या वाटेवर पायाखाली तापलेला दगड असतो. हवा पाच अंशांनी गार असूनही तिथे दुपारी एक वाजता उभे राहणे किनाऱ्यावर उभे राहण्यापेक्षा कठीण जाते.

शिवाय वर पोहोचण्याआधी घाटपायथ्याचा पट्टा ओलांडावा लागतो आणि तो कोकणातला सर्वांत तापणारा भाग आहे. किनाऱ्यावर दुपारी समुद्राचे वारे सुटून दिलासा मिळतो. महाड, पोलादपूर, चिपळूण या डोंगरांनी वेढलेल्या गावांपर्यंत तो दिलासा पुरेसा पोहोचत नाही. रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याचे नाव उन्हाळ्यात कमाल तापमानाच्या बातम्यांत वारंवार येते, ते याच पट्ट्यातले. म्हणून हा पट्टा सकाळी आठच्या आत मागे टाकावा.

न्याहारी आटोपून सावकाश निघणे

माझ्या मते सगळ्या चुकांचे मूळ हेच आहे. दहा माणसांचे कुटुंब साडेनऊला निघते, मध्ये चहाला थांबते आणि पायथ्याशी साडेअकराला पोहोचते, म्हणजे नेमके सावली शोधण्याच्या वेळेला. मे महिन्यात कोकणात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि सातच्या आसपास मावळतो. डोंगर पाहण्याच्या वेळा त्यातून दोनच उरतात: पहाटेपासून साडेदहापर्यंत आणि चारनंतर अंधार पडेपर्यंत. मधले पाच-साडेपाच तास जेवण, विश्रांती आणि दाट झाडीतल्या जागा यांच्यासाठीच ठेवावेत.

यामागे केवळ उन्हाचे कारण नाही. सह्याद्रीचे कडे पश्चिमेकडे, कोकणाच्या बाजूला कोसळतात. सकाळी आठच्या सुमारास ऊन आपल्या पाठीमागून खालच्या दरीवर पडते आणि सावित्रीचे खोरे किंवा आंबोलीखालची राने स्पष्ट उलगडतात. दुपारी तेच ऊन समोरून डोळ्यांवर येते आणि उन्हाळी धुरकटपणामुळे समोरची डोंगररांगही पुसट होते. आंबोलीच्या कावळेसादला किंवा महाबळेश्वरच्या आर्थर सीटला दुपारी बारा वाजता जाऊन काहीच दिसले नाही अशी तक्रार करणाऱ्यांची जागा चुकलेली नसते, वेळ चुकलेली असते.

रायगडाचे उदाहरण घेतले, तर पायथ्याशी मुक्काम करून किंवा महाडहून भल्या पहाटे निघून उजाडताच पायऱ्या चढायला लागावे. चौदाशेहून अधिक पायऱ्या आहेत. थांबत थांबत गेले, तरी आठ-साडेआठला माथा गाठता येतो. गड पाहून साडेदहाच्या सुमारास रोपवेने उतरावे. ज्येष्ठांनी आणि लहान मुलांनी जाता-येता दोन्ही वेळा रोपवेच घ्यावा, पण सुट्टीत तिथे मोठी रांग लागते, त्यामुळे तिकिटाची सोय आधी करून सकाळच्या पहिल्या फेऱ्यांना हजर राहावे. दुपार सावलीत काढून ऊन कलल्यावर पाचाडला जिजाऊंची समाधी आणि वाड्याचे अवशेष पाहावेत. गर्दीत धावत पाहण्याची ती जागा नव्हे.

आंबोलीत दुपारसाठी हिरण्यकेशीची जागा उत्तम आहे. नदीचा उगम, गुहेतले मंदिर आणि भोवती गर्द झाडी. इथल्या कुंडात हिरण्यकेशीच्याच नावाने ओळखला जाणारा एक छोटा मासा सापडतो आणि त्याच्या रक्षणासाठी २०२१ मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तेव्हा त्या पाण्यात पाय धुणे, साबण लावणे किंवा उरलेले अन्न टाकणे कटाक्षाने टाळावे. आंबोलीचा मोठा धबधबा पाहायलाच मे महिन्यात जाणाऱ्यांनी मात्र बेत बदलावा. तो पावसाळ्यातला असतो. मे महिन्यात तिथे ओला खडक दिसला तरी पुष्कळ.

घाट गाडीच्या आणि पोटाच्या अंगाने न पाहणे

निघण्याआधी घाट सुरू आहे की नाही, हे विचारून घ्यावे. करूळ आणि वरंध हे घाट रस्त्याच्या कामासाठी यापूर्वी दीर्घकाळ बंद राहिले आहेत, आणि नकाशाचे ॲप ही गोष्ट वेळेवर सांगेलच असे नाही. घाटात मोबाइलची रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवावा आणि टाकी खालीच भरून घ्यावी.

ज्यांना गाडी लागते, त्यांना तळलेले पदार्थ आणि दुधाचा चहा देऊन घाटात नेऊ नये. उपाशीपोटीही नेऊ नये. उकड्या तांदळाची पेज किंवा एखादे घावन पुरते. गोळी घ्यायची असेल, तर ती वळणे सुरू होण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. तिने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नये. मुलांच्या हातातला मोबाइल काढून त्यांना लांबवर पाहायला सांगावे.

चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला, तर एसी आधी बंद करावा आणि रुंद जागा पाहून थांबावे. रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण गार होईपर्यंत उघडू नये. उकळते पाणी अंगावर उसळून भाजण्याचा धोका खरा आहे.

उतारावरची चूक याहून गंभीर आहे. पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलला टाकून उतारावर सोडणे म्हणजे सगळा भार एकट्या ब्रेकवर टाकणे होय. ज्या गिअरमध्ये चढण चढलो, त्याच गिअरमध्ये उतरावे, हा घाटातल्या जुन्या चालकांचा नियम आजही पाळण्यासारखा आहे; ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर निवडण्याची सोय असते. जळका वास आला किंवा ब्रेकचा पाय नेहमीपेक्षा खाली जाऊ लागला, तर खालचा गिअर टाकून वेग कमी करावा, मिळेल त्या सुरक्षित जागी थांबावे आणि ब्रेक अर्धा तास आपोआप गार होऊ द्यावेत. त्यांवर पाणी ओतू नये. अरुंद वळणावर वर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असते, हे उतरणाऱ्याने लक्षात ठेवावे.

डब्यात ओले खोबरे

कोकणातल्या स्वयंपाकाचा जीव ओल्या नारळात आहे, पण बंद गाडीत तेच खोबरे दुपारपर्यंत आंबते. ओल्या वाटणाची उसळ, खोबऱ्याची चटणी आणि नारळाच्या दुधाची सोलकढी त्या दिवशी घरी ठेवावी. भाकरी, लसणाची सुकी चटणी, कांदा, लोणचे आणि कोकमाचे आगळ घ्यावे. आगळात पाणी, साखर आणि मीठ घालून जागेवरच सरबत करता येते. पाणी माणशी तीन लिटर धरावे. गडावरच्या टाक्यांत उन्हाळ्यात तळाशी उरलेले पाणी पिऊ नये.

ऊन लागल्यावर अंगावर काढणे

डोके दुखणे, चक्कर, मळमळ आणि भरपूर घाम ही पहिली सूचना असते. अशा माणसाला सावलीत आडवे करून पाय थोडे उंच ठेवावेत, कपडे सैल करावेत, मान आणि काखा ओल्या फडक्याने पुसाव्यात आणि ओआरएस घोट घोट द्यावे. पाकीट नसेल, तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ घालावे. बरे वाटले, तरी त्याला पुन्हा उन्हात नेऊ नये.

माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याचा तोल जाऊ लागला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. इथे कांद्याचा रस चोळण्यात वेळ घालवू नये. अंगावर पाणी ओतत वारा घालावा, १०८ ला फोन करावा आणि शुद्ध नीट नसताना तोंडात पाणी घालू नये.

कडा, मोहोळ आणि वळीव

उन्हाळ्यात वाळके गवत आणि मुरुमाचा घसारा चपलेखाली सहज सरकतो. कठड्यापलीकडे जाऊ नये. कड्यांना आणि बुरुजांना आग्या मोहोळ लटकलेले असते. त्याच्या जवळ धूर, तीव्र अत्तर आणि आरडाओरडा नको. माश्या उठल्याच, तर हात न झटकता तोंड कपड्याने झाकून त्या जागेपासून लांब पळावे. जळती काडी किंवा विडी टाकू नये, एवढ्यानेही सगळा उतार पेटतो. माकडांना खाऊ घालू नये.

मे महिन्याच्या उत्तरार्धात दुपारी तीननंतर पूर्वेकडे ढग चढू लागले, तर वळवाचा पाऊस येणार असे धरून उघडा माथा सोडावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजांची सूचना देते, पण वर रेंज नसेल तेव्हा ढगांकडेच लक्ष ठेवावे लागते. एकट्या झाडाखाली किंवा कड्याच्या टोकावर थांबू नये. गाडीत काचा लावून बसणे अधिक सुरक्षित. पहिल्या सरीनंतर घाटातली धूळ आणि तेल मिळून रस्ता अतिशय निसरडा होतो, म्हणून अर्धा तास पावसाने रस्ता धुऊन जाऊ द्यावा आणि मगच उतरायला लागावे.