कोंबडीचं तोंड सुजलं तर

खानापूरकडं पाऊस लागला, गारठा वाढला की मी रोज खुराड्यात वाकून वास घेते. नाकातून घाण वासाचा चिकट स्राव, डोळ्याखाली सूज, शिंका दिसल्या की समजा कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची साथीची सर्दी. याच्या जिवाणूला पूर्वी हिमोफिलस म्हणत, आता ॲव्हिबॅक्टेरियम. लागण झाल्यावर १ ते ३ दिवसांत लक्षणं दिसतात आणि पाण्याच्या भांड्यातून रोग झपाट्यानं पसरतो. मान वाकडी किंवा हिरवी हगवण असेल तर मात्र मानमोडीची (राणीखेत रोगाची) शंका घ्या, लगेच डॉक्टरांना बोलवा.

आजारी कोंबडी वेगळी ठेवा, भांडीही वेगळी. निरोगी कोंबड्यांचं आवरून मगच तिच्याकडं जा. औषध पशुवैद्यांना विचारूनच द्या. ते सांगतील तितके दिवस अंडी खाऊ-विकू नका.

बरी झालेली कोंबडीही रोग अंगात बाळगते. थोरली जाऊ म्हणते, बरी झाली ना, राहू दे. मी ऐकत नाही. बाजारातली नवी पिलं जुन्यांत कधीच सोडत नाही. जुन्या सगळ्या काढायच्या, खुराडं धुवून, चुना मारून आठवडाभर रिकामं ठेवायचं. हा जिवाणू बाहेर फार दिवस तगत नाही. तलंगा अंड्यावर येण्याआधी लस द्या, ३-४ आठवड्यांच्या अंतरानं दोनदा.