पाण्याचं बिल अचानक वाढलं? तक्रारीचा अर्ज लिहिण्याआधी या चुका टाळा

आमच्या सोसायटीचं तिमाही पाणीबिल एकदा नेहमीच्या जवळजवळ तिप्पट आलं. रात्री गच्चीवर बैठक बसली आणि सगळ्यांचं एकमत झालं की मीटर पळतोय. अर्ज दिला, मीटर तपासणीचं शुल्क भरलं आणि दोन महिन्यांहून जास्त काळ वाट पाहिली. अहवाल आला तेव्हा कळलं की मीटर बरोबर होता. दोष आमच्याच जमिनीखालच्या टाकीत होता. फ्लोट व्हॉल्व्हचा रबरी वायसर झिजला होता, त्यामुळे टाकी भरल्यावरही पाणी बंद होत नव्हतं. वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून थेट गटारात जात होतं. बांधकामाच्या वेळी तो पाइप जमिनीखालूनच चेंबरला जोडलेला, त्यामुळे अंगणात कधी थेंबही दिसला नाही. अर्जाच्या उत्तराची वाट पाहत होतो, त्या दोन महिन्यांतही पाणी वाहतच होतं.

त्यानंतर गेली सहा वर्षं सोसायटीच्या पाण्याचा हिशोब मी ठेवतो आहे, शेजारच्या इमारतींची बिलंही पाहतो. चुका बहुतेक त्याच त्याच असतात.

रक्कम पाहणं, युनिट न पाहणं

बिल हातात आलं की नजर थेट खालच्या ठळक आकड्यावर जाते. त्या आकड्यात चालू वापर, मागची थकबाकी, विलंब आकार आणि कधी जुन्या दराचा फरकही मिसळलेला असतो. आधी मागील वाचन आणि चालू वाचन पाहा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमचा वापर. एक युनिट म्हणजे एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर. मग बिल किती दिवसांचं आहे ते पाहा. साठ दिवसांच्या बिलाशी ब्याण्णव दिवसांचं बिल ताडून घाबरणारे बरेच भेटतात.

वापर वाजवी आहे का, हे कळायला मोठं गणित लागत नाही. मलनिःसारणाची सोय असलेल्या शहरांत पाणी योजनांसाठी माणशी रोज 135 लिटर हे प्रमाण धरतात. चार माणसांच्या घराला रोज 540 लिटर, महिन्याला साधारण 16 युनिट. तुमच्या घराचा आकडा 18 किंवा 20 असेल तर वापरात हात थोडा सैल आहे एवढंच. तोच 40 झाला, तर कुठेतरी पाणी वाहतं आहे किंवा वाचन चुकलं आहे.

आता गळतीचं गणित. मिनिटाला एक लिटर ही फार बारीक धार असते. पण दिवसाला ते 1440 लिटर होतात आणि महिन्याला 43 युनिट, म्हणजे जवळजवळ तीन घरांचं पाणी. मुंबईत पाण्याच्या आकारावर आणखी 70 टक्के मलनिःसारण आकार लागतो. गळून गेलेल्या प्रत्येक रुपयाच्या पाण्यामागे तिथे एक रुपया सत्तर पैसे जातात. वेळेत बदललेला वायसर किती पैसे वाचवतो, ते यावरून कळेल.

मीटर स्वतः न वाचणं

माझ्या मते ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. विजेच्या मीटरकडे आपण अधूनमधून तरी पाहतो. पाण्याचा मीटर मात्र फाटकाजवळच्या खड्ड्यात, मातीने माखलेल्या झाकणाखाली पडून असतो आणि वर्षानुवर्षं त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

बहुतेक यांत्रिक मीटरवर काळे आकडे पूर्ण युनिट दाखवतात. लाल आकडे किंवा लाल काट्यांच्या छोट्या तबकड्या लिटरमधला भाग दाखवतात. वाचन काळ्या आकड्यांचंच घ्यायचं. लाल आकडाही युनिटात धरला गेला की वापर एका फटक्यात दहापट होतो, आणि घाईत घेतलेल्या वाचनात हे घडतं. काचेच्या मध्यावर एक लहानशी चांदणी फिरताना दिसते. मीटरमधून बारीक धार गेली तरी ती हलते. गळती शोधायला हीच चांदणी सगळ्यांत उपयोगी.

दर महिन्याच्या एक तारखेला मीटरचा फोटो काढा. झाकणाच्या आतला मीटर क्रमांकही त्यात येऊ द्या. मीटर बदलला तर जुन्याचं शेवटचं आणि नव्याचं पहिलं वाचन, दोन्हींचे फोटो त्याच दिवशी हवेत. हा पुरावा नसेल तर पुढचा वाद जिंकता येत नाही.

गळती चुकीच्या ठिकाणी शोधणं

घरातले नळ तपासून लोक थांबतात. पण आपल्याकडे पाणी ठरावीक तासच येतं. ते मीटरमधून आधी जमिनीखालच्या टाकीत, तिथून पंपाने गच्चीवर आणि मग नळाला जातं. म्हणून शोधही टप्प्याटप्प्याने घ्यावा लागतो.

पाणी आलेलं असताना टाकीच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा आणि चांदणी पाहा. ती फिरतच राहिली तर मीटर आणि टाकी यांच्यामधली लाइन फुटली आहे. थांबली, तर व्हॉल्व्ह उघडा आणि टाकी काठोकाठ भरू द्या. भरल्यावरही चांदणी फिरते आहे? मग फ्लोट गेला आहे. ओव्हरफ्लोचा पाइप शोधून काढा आणि त्याचं तोंड डोळ्यांना दिसेल असं बाहेर काढून घ्या. आम्ही तेच केलं. आता पाणी सांडलं की वॉचमन लगेच सांगतो.

पाणी बंद असण्याच्या वेळी, पंप न लावता, काठीवर खूण करून टाकीची पातळी मोजा. तीन-चार तासांनी पुन्हा मोजा. पातळी उतरली तर टाकीलाच चीर आहे. मग गच्चीवरच्या टाकीचा खाली जाणारा व्हॉल्व्ह रात्री बंद करून तिचीही पातळी अशीच पाहा. शेवटी घरातले फ्लश. फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश वापरू नका. भांड्यात रंग उतरला तर वायसर बदला. गळणाऱ्या फ्लशचा अनेकदा आवाज होत नाही, म्हणून तो महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

हे सगळं करून काही सापडलं नाही, तर मीटरवर संशय घ्यायला हरकत नाही. पाणी सुरू होताना पाइपातली हवाही मीटर फिरवते. पुरवठा तुटक असलेल्या भागांत ही तक्रार खरी असू शकते. ज्या क्षणी फुसफुस आवाज येतो आणि नळाला पाणी नसतं, तेव्हा मीटरचा व्हिडिओ काढून अर्जाला जोडा. मीटरचं सील मात्र स्वतः तोडू नका, आणि खासगी माणसाकडून मीटर उघडूनही घेऊ नका.

सरासरीचं बिल मुकाट्याने भरत राहणं

मीटर बंद किंवा झाकणाला कुलूप असेल तर बिल सरासरीने येतं. रक्कम ओळखीची असते, म्हणून कुणी हरकत घेत नाही. मग वर्षभराने प्रत्यक्ष वाचन होतं आणि सगळा फरक एकाच बिलात येऊन पडतो. दर वापरानुसार टप्प्याटप्प्याने वाढणारे असतील तर बारा महिन्यांचा वापर एकाच काळात धरला जाऊन वरच्या टप्प्याचा दर लागतो. अशा वेळी दोन गोष्टी लेखी मागा: वापर त्या सगळ्या महिन्यांवर विभागून आकारणी करा, आणि आधी भरलेल्या सरासरी रकमा वजा करा. बिलावर ‘सरासरी’ हा शब्द दिसला की त्याच आठवड्यात अर्ज द्या.

तोंडी तक्रार, आणि रागाने बिल थकवणं

खिडकीवरच्या माणसाने ‘बघतो’ म्हटलं म्हणजे तक्रार झाली असं नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. नवीन नळजोडणी, मालकी हक्कात बदल, थकबाकी नसल्याचा दाखला, नादुरुस्त मीटरची तक्रार या सेवा महाराष्ट्राच्या 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली येतात. त्यांना ठरलेली मुदत असते, आणि ती टळली की अपील करता येतं. नुसत्या फोनवर अपील होत नाही.

वाद चालू असताना बिल अजिबात न भरणं धोक्याचं. विलंब आकार चढत राहतो आणि नळ तोडण्याची नोटीस येते. ‘हरकत राखून भरत आहोत’ असं अर्जात लिहून रक्कम भरा, किंवा वादाबाहेरचा भाग भरून घेण्याची लेखी विनंती करा.

घर घेताना पाणीपट्टी विसरणं

जुनं घर घेणारे वीजबिल बघतात, पाण्याचं बघत नाहीत. थकबाकी मिळकतीवर राहते आणि वसुलीला माणूस नव्या मालकाच्या दारात येतो. पुण्यात घरगुती पाणीपट्टी मिळकतकराच्या बिलातच येते, तेव्हा ते बिल तपासा. इतरत्र स्वतंत्र ग्राहक क्रमांक असतो, त्यावर नाव बदलून घ्या.

सोसायटीत बिल एकत्र येतं, त्याची वाटणी हा भांडणाचा वेगळाच विषय. आदर्श उपविधीनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, पाणीपट्टी प्रत्येक सदनिकेतल्या नळांची एकूण संख्या आणि माप यांच्या प्रमाणात वाटायची असते. माणसं मोजून किंवा चौरस फुटांवर नाही.

‘आज रात्री नळ तोडणार’ या मेसेजवर विश्वास

बिल भरलेलं नाही, रात्री पाणी बंद होईल, या नंबरवर फोन करा, असे मेसेज येतात. फोन केला की एक ॲप उतरवायला सांगतात आणि खातं रिकामं होतं. नळजोडणी अशी एका मेसेजवर रात्रीत तोडली जात नाही. बिलावर छापलेल्या क्रमांकावरच खात्री करा. पैसे गेलेच तर त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. घरातल्या आजी-आजोबांच्या मोबाइलमध्ये हा नंबर आजच साठवून द्या, कारण असे मेसेज बहुतेक त्यांनाच खरे वाटतात.