भारतात जाताना हीटिंग बंद करू नका

डिसेंबरात अमेरिकेतल्या मिनियापोलिसहून पुण्या-मुंबईला निघताना आपल्यातला प्रत्येक जण घरच्या सवयीने वागतो. गॅस बंद, नळ बंद, दिवे बंद, कुलूप दोनदा ओढून बघायचं. पहिल्या वर्षी मीही तेच केलं, आणि वर हीटिंगही बंद केलं. रिकाम्या घराला ऊब कशाला? तीन आठवड्यांनी परत आले तेव्हा हॉलचं छत गालिच्यावर उतरलं होतं. कपाटामागचा स्प्रिंकलरचा, म्हणजे आग लागली की छतातून पाणी सोडणाऱ्या यंत्रणेचा, पाइप गोठून फुटला होता. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, त्यापुढे पाइप काय टिकणार! घरातलं पाणी मी बंद केलं होतं खरं, पण स्प्रिंकलरची लाइन वेगळी असते हे तेव्हा कुणाला ठाऊक? विमावाल्यांचा पहिला प्रश्न होता, थर्मोस्टॅट कितीवर होता?

म्हणून गावाला जाताना थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या खाली नेऊ नका आणि किल्ली शेजाऱ्याकडे ठेवा. पाण्याने भरलेल्या स्प्रिंकलर पाइपाभोवती निदान ४० फॅरनहाइट, म्हणजे ४ अंश सेल्सिअस, लागतंच. खोली उबदार असली तरी बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं बंद कपाट गार पडतं, त्याचं दार उघडं ठेवा.

ज्या जागा गरम ठेवताच येत नाहीत, म्हणजे गॅरेज, माळा, बाल्कनी, तिथल्या पाइपांत पुष्कळ इमारतींत अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत सहज न गोठणारं ग्लिसरिनसारख्या द्रवाचं आणि पाण्याचं मिश्रण, भरलेलं असतं. टाउनहाउस घेतलंत की सोसायटीचा, म्हणजे इथल्या एचओएचा, प्रश्न तुमचाही होतो. मी आमच्या बोर्डावर गेले ती त्या छतामुळेच.

दर वर्षी थंडी पडायच्या आत या अँटीफ्रीझची तपासणी होते. गेल्या ऑक्टोबरात मी तंत्रज्ञाच्या मागे मागे फिरले. त्याने लाइनच्या वरच्या टोकाचा आणि खालच्या टोकाचा असे दोन नमुने काढले, एकेक थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे मिश्रण किती दाट आहे ते दाखवणाऱ्या दुर्बिणीसारख्या उपकरणाच्या, काचेवर ठेवला आणि खिडकीकडे धरून पाहिलं. मलाही बघू दिलं. खालचा नमुना ठीक, वरचा पातळ. ग्लिसरिन पाण्यापेक्षा जड, नीट मिसळलं नाही तर न ढवळलेल्या सरबतातल्या साखरेसारखं तळाशी बसतं. एकाच ठिकाणचा नमुना घेऊन कागदावर सही करणारा कंत्राटदार असेल तर बदला.

आता आपला स्वभाव: पातळ झालंय ना, मग जरा जास्तच घाला! इथे तो अंगाशी येतो, कारण ग्लिसरिन स्वतः जळतं. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्रकी गावात स्वयंपाकघरातल्या आगीवर स्प्रिंकलर उघडला. मिश्रणात ग्लिसरिन ७० टक्क्यांच्या वर होतं. आग विझायच्या ऐवजी भडकली आणि एक जीव गेला. त्यानंतर चाचण्या झाल्या, नियम कडक झाले. एनएफपीए २५ या स्प्रिंकलरच्या तपासणी-देखभालीच्या अमेरिकन नियमावलीने जुन्या सिस्टिममधलं साधं मिश्रण काढून खास चाचणी झालेलं, 'लिस्टेड' अँटीफ्रीझ भरायला ३० सप्टेंबर २०२२ ची मुदत दिली होती. तुमच्या इमारतीत ते झालंय का, एवढं बैठकीत विचाराच. गाडीचं अँटीफ्रीझ तर चुकूनही नको, त्यातलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं. आणि पाइप सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे, असतील तर प्रॉपिलीन ग्लायकॉल चालत नाही, पाइपांना तडे जातात.

आम्हाला कोटेशनमध्ये आलेला लिस्टेड द्रव उणे १० फॅरनहाइटपर्यंतचा होता. ३० जानेवारी २०१९ ला इथे उणे २८ होतं. मग आम्ही गॅरेजची लाइन ड्राय पाइपवर नेली: पाइपात दाबाची हवा, आणि पाणी उबदार खोलीतल्या व्हॉल्व्हपाशी थांबलेलं. खर्च झाला, दोन बैठका भांडणात गेल्या, पण माझ्या मते थंड प्रदेशात हेच बरं. फक्त हिवाळ्याआधी सखल कोपऱ्यांत साठलेलं पाणी काढायला विसरू नका.

हो, फोडणीची भीती नको. धुराने ओरडतो तो स्मोक अलार्म. स्प्रिंकलर उष्णतेने उघडतो, लाल काचेच्या नळीचा ६८ अंश सेल्सिअसला, आणि तोही तेवढा एकच, सिनेमातल्यासारखे सगळे नाही. मात्र त्याला कपड्यांचा हँगर किंवा दिवाळीचा आकाशकंदील अडकवू नका. काच फुटली की मिनिटाला ६०-७० लिटर पाणी सहज पडतं. व्हॉल्व्ह कुठे आहे ते आजच बघून या, आणि त्यावर बांधलेल्या तपासणीच्या टॅगचा फोटो काढा. तारीख वर्षापेक्षा जुनी असेल तर मॅनेजरला तोच फोटो पाठवा.